संसारी गाडीचा वेग: ऑडी आरएस २

मुलेबाळे, सुटीचे सामान आणि जमलेच तर घरचा कुत्रा, हे सगळे एका फेरीत नेणारी गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. युरोपात ती घरोघरी दिसते. तिच्याकडून लोक भरवसा आणि ऐसपैस डिकी मागतात. वेगाचा हट्ट सहसा धरत नाहीत. १९९४ साली ऑडीने ‘आरएस २ अव्हांत’ बाजारात आणली आणि हा समज मोडला.

तिच्या जन्माला दोन कंपन्यांची गरज कारणीभूत होती. ऑडीला मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या पंगतीत मानाने बसायचे होते. पोर्शेचा खप तेव्हा घसरला होता, कंपनी आर्थिक अडचणीत होती आणि बाहेरचे काम तिला हवेच होते. मर्सिडीजच्या ‘५०० ई’ या वेगवान सेडानची जुळणीही पोर्शे आपल्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात करून देत होती. त्याच ठिकाणी आरएस २ आकाराला आली. ऑडी ८० अव्हांतचे सांगाडे इंगोलश्टाटहून यायचे आणि इथे पुरी गाडी होऊन बाहेर पडायचे.

पोर्शेचा हात बाहेरूनही ओळखू येतो. आरसे, १७ इंची चाके, पुढचे इंडिकेटर पोर्शेच्या घराण्यातले. ब्रेकच्या लाल कॅलिपरवर तर पोर्शेचे नावच होते. खरी करामत मात्र बॉनेटखाली होती. २.२ लिटरचे पाच सिलिंडरचे टर्बो इंजिन ऑडीचेच. पोर्शेने त्याला मोठा टर्बो आणि मोठा इंटरकूलर दिला, कॅमशाफ्ट बदलला आणि ताकद ३१५ अश्वशक्तीवर नेली. जोडीला सहा गिअर आणि चारही चाकांना जोर देणारी क्वात्रो यंत्रणा. कमी आरपीएमवर इंजिन जरा आळसावलेले वाटते. तीनेक हजारांच्या पुढे टर्बो भरला की गाडी एकदम झेपावते.

कंपनीच्या आकड्यांनुसार ती ताशी १०० किलोमीटरचा वेग ५.४ सेकंदांत गाठते आणि कमाल २६२ पर्यंत जाते. ब्रिटनच्या ‘ऑटोकार’ साप्ताहिकाच्या चाचणीत तिने शून्यापासून ताशी ४८ किलोमीटरचा वेग १.५ सेकंदांत गाठला. एवढ्या पहिल्या टप्प्यात ती चक्क मॅक्लारेन एफ१ पेक्षा सरस ठरली. पुढे मॅक्लारेन तिला कुठल्या कुठे मागे टाकणार, हे उघड आहे. पण सुरुवातीला चार चाकांची पकड काय करू शकते, ते त्या आकड्याने दाखवले.

१९९५ मध्ये उत्पादन थांबले. आधी ठरवल्यापेक्षा जास्त, म्हणजे २,९०० च्या आसपास गाड्या बनल्या. ऑडीच्या ‘आरएस’ घराण्याची ही पहिली गाडी. तिच्यानंतरची पहिली आरएस ४ सुद्धा फक्त स्टेशन वॅगन म्हणूनच निघाली. पुढे आरएस ६ अव्हांत भारतातही विकायला आली.

आपल्याकडे स्टेशन वॅगन कधी रुजली नाही. टेल्कोने १९९२ मध्ये टाटा इस्टेट आणून पाहिली, पण ग्राहक आधी सेडानकडे आणि नंतर उंच एसयूव्हीकडे वळला. खरे तर सामानाला भरपूर जागा आणि जमिनीलगत बसल्यामुळे वळणावर मिळणारा तोल, या दोन्ही गोष्टी स्टेशन वॅगन एकाच वेळी देते. कुटुंबासाठी गाडी घेताना उंचीलाच भुलण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.