जीपचे चिलखत : पोलादाचे की ॲल्युमिनियमचे?

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी घेऊन जाणाऱ्या शौकीन मंडळींसाठी जाड बंपर आणि गाडीच्या पोटाखाली लावायचे पत्रे यांचा एक वेगळाच बाजार उभा राहिला आहे. तेथे पहिला सवाल धातूचा येतो. आम्ही कापडाचे व्यापारी. परंतु माल कोणताही असो, भावाआधी त्याचे वजन, टिकाऊपणा आणि दुरुस्ती पाहावी, हा नियम सर्वत्र सारखाच.

प्रथम वजन पाहू. एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅम भरते, तर ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम, म्हणजे सुमारे एक तृतीयांश. मात्र ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असतो. सबब जाडी वाढवावी लागते. पोलादाचा ४ मिलिमीटर पत्रा जे काम करतो, त्यासाठी ॲल्युमिनियमचा ६ मिलिमीटर घ्यावा. मग एका चौरस मीटरला पोलाद ३१ किलो आणि ॲल्युमिनियम १६ किलो होते. विक्रेता ‘एक तृतीयांश वजन’ म्हणत असला तरी खरा हिशेब निम्म्याचा आहे. तरीही हा फायदा लहान नाही, कारण पुढे लादलेला प्रत्येक किलो स्प्रिंग आणि ब्रेक यांनाच सोसावा लागतो.

आता मजबुती. खडकावर गाडी टेकली की पोलाद घसरून पुढे जाते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्यावर खोल ओरखडे पडतात आणि ते दगडाला अडकते. पोलाद वाकले तर हातोड्याने सरळ करता येते, तुटले तर हमरस्त्यावरचा कोणताही वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियमच्या चांगल्या जोडाला अर्गॉन वायू आणि कसबी हात लागतो, शिवाय जोडाजवळ काही मिश्रधातूंची ताकद बरीच कमी होते.

कोकणातल्या खाऱ्या हवेत मात्र पारडे फिरते. पोलादावरचा रंग खड्यांनी उडाला की गंज आत शिरतो. ॲल्युमिनियम स्वतःचे संरक्षण स्वतःच करते. पण लोखंडी बोल्ट आणि खारे पाणी एकत्र आले की तेही बोल्टभोवती खाऊन जाते. म्हणून मध्ये रबर किंवा नायलॉनचे वॉशर घालावे.

१९४८ साली इंग्लंडमध्ये लँड रोव्हर निघाली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती. कारखान्याने बॉडीला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला, पण भार सोसणारी चेसिस पोलादाचीच ठेवली. आमच्या मते ग्राहकानेही अशीच कामाप्रमाणे वाटणी करावी. जिथे खडकाचा थेट मार आहे तिथे पोलाद. जिथे फक्त उडणारे खडे आणि चिखल अडवायचा आहे तिथे ॲल्युमिनियम.

पुढच्या बुल बारचा मामला मात्र धातूचा नाहीच. गाडीचे नाक मुद्दाम चेपण्याजोगे केलेले असते, म्हणजे धक्का ते खाते आणि आतला माणूस बचावतो. त्यापुढे चेसिसला जखडलेला दांडा आला की धक्का सरळ आत जातो, एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडू शकते आणि समोर आलेल्या पादचाऱ्याला तर कोणतीच सवलत उरत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा दांड्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनापरवाना फेरबदलास, दर फेरबदलामागे, मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ॲल्युमिनियमचा दांडा म्हणून त्यात सूट नाही.

तेव्हा बंपर कंपनीचाच राहू द्यावा आणि पैसा पोटाखालच्या पत्र्यावर खर्च करावा. तोही आर.टी.ओ.कडे विचारणा करूनच. पावतीवर धातूचा प्रकार आणि जाडी लिहून घ्यावी. पत्रा चेसिसला बोल्टने बसतो की नाही आणि ऑइल काढायला त्यात भोक ठेवले आहे की नाही, एवढे पाहूनच रक्कम मोजावी.