एक बोट, तीन बटणं

डिसेंबर २०२५. नगर परिषदेच्या मतदानाचा दिवस. सकाळची कामं उरकून गल्लीतल्या आम्ही चार-पाचजणी सोबतच मतदान केंद्रावर गेलो. शेजारच्या काकू माझ्या पुढे होत्या. त्या आडोशाला गेल्या, बटण दाबलं आणि लगबगीनं बाहेर निघाल्या.

"अहो मावशी, थांबा! तुमची मतं राहिली अजून," टेबलामागून हाक आली.

"मी तं दाबलं ना बटन!" काकू गोंधळल्या. रांगेतले काहीजण हसले. काकू परत आत गेल्या, घाईनं काहीतरी दाबलं आणि मान खाली घालून बाहेर आल्या. घरी येताना हळूच म्हणाल्या, "पहिलं बटन पाहून दाबलं व बाई. बाकीचे दोन कोनाले गेले, मलेच मालूम नाही."

मैत्रिणींनो, यात हसण्यासारखं काय आहे? लोकसभा असो की विधानसभा, आपण एकच बटण दाबत आलो. वाशीमला नगर परिषदेसाठी मत दिलं होतं ते २०१६ साली. मधे नऊ वर्षं गेली. त्यात नियमही बदलत राहिले. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा हा नियम २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परत आला. आपल्याला कुणी बसून समजावून सांगितलं का? मग आपणच समजून घेऊ या.

नगर परिषदेत शहराचे प्रभाग पाडलेले असतात आणि साधारणपणे एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडून द्यायचे असतात. त्या जागांना 'अ' आणि 'ब' म्हणतात. म्हणजे 'अ' जागेसाठी एक मत, 'ब' जागेसाठी एक मत आणि नगराध्यक्षासाठी एक मत. झाली तीन! एखादा प्रभाग तीन सदस्यांचा असला तर मतं चार. नगर पंचायतीत मात्र प्रभागाला एकच सदस्य, म्हणून तिथे दोनच मतं. गावाकडे ग्रामपंचायतीला प्रभागातल्या जागांची मतं वेगळी आणि सरपंचाचं वेगळं. जिल्हा परिषदेच्या वेळी एक मत गटाला, म्हणजे जिल्हा परिषदेच्या सदस्याला, आणि दुसरं गणाला, म्हणजे पंचायत समितीच्या सदस्याला.

यंत्रावर प्रत्येक जागेची नावं वेगळी दिलेली असतात. एका जागेत एकच बटण दाबायचं. दाबलं की नावासमोरचा दिवा लागतो, तो नीट पाहायचा, कारण लोकसभेसारखी चिठ्ठी दिसण्याची सोय या निवडणुकीत नसते. सगळ्या जागांची मतं देऊन झाली की लांब आवाज येतो. तो आला की मतदान पूर्ण. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल, तर शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण असतं. न पटलेल्याला घाईगर्दीत मत देण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक गैरसमज मी पुष्कळजणींकडून ऐकला. 'महिला राखीव' जागेसाठी फक्त बायांनीच मत द्यायचं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. त्या जागेवर उमेदवार महिलाच असते, पण मत प्रभागातल्या सगळ्यांनी द्यायचं असतं. आणि सर्वसाधारण जागेवरही बाई उभी राहू शकते. राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण निवडून येते बाई आणि कारभार पाहतात तिचे 'मिस्टर', हे चित्रही आपल्याला नवीन नाही. म्हणून मत मागायला आलेल्या ताईंनाच विचारा, "ताई, सभेत तुम्ही बोलणार की भाऊ?"

कुणी म्हणेल, या निवडणुकीला एवढं काय महत्त्व? अहो, एकबुर्जी धरणातलं पाणी आपल्या नळाला कितव्या दिवशी येणार, नाली कधी उपसणार, घंटागाडी गल्लीत येणार की नाही, हे दिल्ली-मुंबईत नाही, नगर परिषदेत ठरतं. आणि पाणी भरायला पहाटे उठतं कोण? आपणच ना? मग त्या तीन मतांपैकी दोन अंदाजानं कशी देऊन चालतील!

घरात 'आपलं मत अमक्याला' असं ठरतं. ठरू द्या. ऐकून घ्या, विचारा, वादही घाला. पण आडोशाला आपण एकट्याच असतो. आपण कोणतं बटण दाबलं हे नवऱ्याला, सासऱ्यांना किंवा उमेदवाराच्या माणसाला कळत नाही. आणि तीनही मतं एकाच चिन्हाला द्यायला हवीत, असाही नियम नाही. 'अ' मध्ये एक पक्ष, 'ब' मध्ये दुसरा आणि नगराध्यक्ष अपक्ष, असंही चालतं.

पण हे सगळं यादीत नाव असेल तर! स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी यादी करत नाहीत, विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे विभागतात. लग्न होऊन आलेल्या कितीतरी मुलींचं नाव माहेरच्याच यादीत राहून जातं. ते सासरी आणायला नमुना ८ चा अर्ज भरायचा. नवीन नाव नोंदवायचं तर नमुना ६. आपल्या भागातल्या बीएलओंकडे किंवा तहसीलमध्ये चौकशी करा. आणि हे काम निवडणूक जाहीर व्हायच्या आत करा, कारण यादीसाठी तारीख ठरवून दिलेली असते. प्रभागाची प्रारूप यादी लागली की आपलं नाव दुसऱ्याच प्रभागात तर गेलं नाही ना, तेही पाहा. चूक असेल तर मुदतीत हरकत घेता येते.

परवा काकूंसोबत अंगणात बसले होते. वहीच्या पानावर तीन रकाने आखले, त्यात खोटीच नावं लिहिली आणि म्हटलं, "काकू, दाबा बटण." त्यांनी चष्मा लावला, एकेक रकाना बोटानं वाचला, तीन ठिकाणी बोट टेकवलं आणि विचारलं, "आता वाजलं का?"

"वाजलं!" मी म्हटलं.

"मंग हा कागद मले दे," काकू म्हणाल्या. "गावात माह्या बहिनीले दाखवतो. तिले बी कोनं सांगतलं नसन."