144 माणसांचा आमदार

लेखमाला : ध्रुवाजवळची लोकशाही (भाग 4)

ग्रीझ फिओर्डमध्ये पाणी वर्षातून एकदाच भरतात. तिथला उन्हाळा काही आठवड्यांचा. तेवढ्यात डोंगरावरच्या हिमनदीचं वितळलेलं पाणी ओढ्याने खाली येतं, ते गावच्या मोठाल्या टाक्यांत साठवतात आणि पुढचं वर्षभर टँकरने घरोघर पोचवतात. टँकर म्हटल्यावर मराठवाड्यातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र येईल, त्यातून ऊन आणि हंड्यांची रांग वजा करा आणि उणे तीस अंश मिळवा.

समजा, त्यातली एक टाकी गळायला लागली. सांगायचं कुणाला?

गावाला स्वतःची ग्रामपरिषद आहे, पण टाकी बदलण्याइतके पैसे तिच्याकडे नसतात. ते असतात नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या सरकारकडे, म्हणजे राजधानी इकालुइतला, सुमारे 1,500 किलोमीटरवर. मधे रस्ता नाही. नुनावुतमधल्या 25 गावांपैकी एकही गाव दुसऱ्या गावाला रस्त्याने जोडलेलं नाही. माणसं छोट्या विमानाने जातात आणि जड सामान उन्हाळ्यात, बर्फ फुटल्यावर, जहाजाने येतं. हे जहाज मॉन्ट्रियलच्या आसपासच्या बंदरांतून निघतं. त्यामुळे अर्थसंकल्पात पैसे मंजूर होणं, मालाची ऑर्डर जाणं आणि माल वेळेत बंदरावर पोचणं हे सगळं जहाज सुटायच्या आत जमलं तर ठीक. नाहीतर काम सरळ पुढच्या वर्षावर. आपल्याकडे फाइल महिनाभर रखडली तर महिना जातो. तिथे महिन्याच्या दिरंगाईत वर्ष जातं. उत्तरेकडच्या प्रतिनिधित्वाबद्दल बोलताना मला आधी हे जहाज आठवतं, मतदारसंघांचे नकाशे नंतर.

1993 च्या जमीन-करारातून नुनावुत कसं जन्माला आलं आणि 1 एप्रिल 1999 ला ते नॉर्थवेस्ट टेरिटरीजपासून कसं वेगळं झालं, ते मागे सविस्तर आलंच आहे. (शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना ‘एस्किमो’ म्हणून शिकलो, त्या इनुइत लोकांची इथे मोठी बहुसंख्या आहे, आणि तो जुना शब्द त्यांना आवडत नाही, हेही.) क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आणि 2021 च्या जनगणनेत माणसं 36,858. एवढ्यांसाठी विधानसभेत 22 आमदार, म्हणजे सरासरी पावणेदोन हजारांहूनही कमी माणसांमागे एक. आपल्याकडे मोठ्या शहरातल्या नगरसेवकाला याहून जास्त मतदार असतात. मग तक्रार कसली?

तक्रार मतदारसंघाच्या पोटात आहे. ग्रीझ फिओर्डचा मतदारसंघ क्युत्तिक्तुक. त्यात तीन गावं : आर्क्टिक बे, रेझोल्यूट आणि ग्रीझ फिओर्ड. तिन्ही वेगवेगळ्या बेटांवर, एकमेकांपासून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर. लोकसंख्या अनुक्रमे 994, 183 आणि 144. म्हणजे दर चार माणसांतली तीन आर्क्टिक बेची. ग्रीझ फिओर्डने एकमुखाने मत दिलं तरी निकाल आर्क्टिक बेमध्येच लागणार. आमदाराची नियत कितीही चांगली असो, ज्या गावात विमान रोज उतरत नाही तिथे त्याचं जाणं कमीच होणार.

मग त्या 144 जणांना स्वतंत्र जागा द्यावी का? हा प्रश्न शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये उलट्या बाजूने कोर्टात गेला होता. नुनावुत वेगळं झाल्यावर तिथे 14 जागा उरल्या. राजधानी येलोनाइफमध्ये 40 टक्क्यांहून जास्त लोक, पण जागा फक्त चार. बाकीच्या जागा बहुतेक देने आणि इतर मूलनिवासींच्या छोट्या गावांकडे. 1999 मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ डेमोक्रसी’ नावाचा गट कोर्टात गेला : आमच्या मताची किंमत एवढी कमी का? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच म्हटलं होतं की मतांची काटेकोर समानता हे ध्येय नाही, ध्येय आहे परिणामकारक प्रतिनिधित्व. भूगोल आणि समाजाचं वेगळेपण पाहून फरक चालेल. तरीही इथे फरक मर्यादेबाहेर गेला आहे, असं प्रदेशाच्या न्यायालयाने ठरवलं. पाच जागा वाढल्या, त्यातल्या तीन येलोनाइफला आणि एकेक हे रिव्हर आणि इनुविक या गावांना. छोट्या गावांच्या नेत्यांना ते रुचलं नाही. मला दोन्ही बाजू पटतात, आणि असं म्हणणं पळवाट वाटेल याचीही कल्पना आहे. पण कोर्टाला डोकी मोजता येतात. गळकी टाकी आणि चुकलेलं जहाज मोजायचं माप त्याच्याकडे नाही.

म्हणून जागांच्या हिशोबापेक्षा सभागृहाची रीत मला जास्त महत्त्वाची वाटते. नुनावुतच्या विधानसभेत पक्ष नाहीत. प्रत्येक जण अपक्ष म्हणून निवडून येतो. निवडणुकीनंतर सगळे आमदार एकत्र बसतात, इच्छुक भाषणं करतात, बाकीचे त्यांना प्रश्न विचारतात आणि गुप्त मतदानाने सभापती, पंतप्रधान (प्रदेशाचा; पदाचं नाव ‘प्रीमियर’) आणि मंत्री निवडले जातात. कुणाला कुठलं खातं द्यायचं एवढंच पंतप्रधानाच्या हातात. याला सहमतीचं सरकार म्हणतात. नावावरून वाटतं तसं एकमत तिथे नसतं. भांडणं होतात आणि मतदानही होतं.

गंमत आकड्यांत आहे. पंतप्रधान धरून मंत्री आठ-नऊ. सभापती एक. उरलेले बारा-तेरा आमदार सरकारबाहेर. म्हणजे मंत्रिमंडळ कायम अल्पमतात. क्युत्तिक्तुकच्या आमदाराने विचारलं की टाकीचं काय झालं, तर मंत्र्याला पक्षादेशामागे लपता येत नाही, कारण पक्षच नाही. आणि त्या खात्याच्या खर्चाला मंजुरी मिळवायला त्याला याच बारा-तेरांतली मतं लागतात. अर्थसंकल्पाची बाबवार चर्चा हीच लहान गावाची खरी संधी. प्रश्न इनुइतांच्या इनुक्तितुत भाषेतून विचारता येतो आणि दुभाषे तिथल्या तिथे भाषांतर करतात, त्यामुळे इंग्रजी न येणारे आमदारही तिथे बसले आहेत.

ही ताकद शोभेची नाही. पॉल क्वास्सा हे इनुइतांच्या बाजूने जमीन-करारासाठी वर्षानुवर्षं वाटाघाटी केलेले नेते. नोव्हेंबर 2017 मध्ये ते पंतप्रधान झाले आणि जून 2018 मध्ये त्याच सभागृहाने अविश्वासाच्या ठरावाने त्यांना उतरवून जो साविकाताक यांना बसवलं. मतदारांना मात्र ना पहिल्या वेळी कुणी विचारलं, ना दुसऱ्या वेळी. पक्ष आणा म्हणणाऱ्यांचा मुख्य आक्षेप हाच, आणि तो खोटा नाही. तरी माझं मत पक्षांच्या विरोधात आहे. पक्ष आले की बहुमत येईल, बहुमत मोठ्या गावांत जमेल आणि ज्याच्या मतावाचून मंत्र्याचं अडत नाही, अशा आमदाराच्या टाकीकडे कोण बघणार?

अडचण पुढच्या पायरीवर आहे. नुनावुत सरकारच्या दर पाच डॉलरांतले चारहून अधिक ओटावाच्या केंद्र सरकारकडून येतात. आणि ओटावात नुनावुतचा आवाज किती? 343 जणांच्या कॉमन्स सभागृहात खासदार एक, सिनेटमध्ये सदस्य एक. लोकसंख्या पाहता एक खासदार हेही झुकतं माप, असं दक्षिणेकडचा कॅनेडियन म्हणू शकेल. त्याने ग्रीझ फिओर्डचा इतिहास वाचावा. 1953 मध्ये ओटावानेच क्यूबेकच्या उत्तरेतल्या इनुक्जुआकमधून आणि पाँड इनलेटमधून काही इनुइत कुटुंबं उचलून इथे आणि रेझोल्यूटला नेली, दोन वर्षांनी परत आणू असं सांगून. ते वचन पाळलं गेलं नाही. इनुइतांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क 1950 मध्ये मिळाला होता, पण पूर्व आर्क्टिकमधल्या सगळ्या गावांत मतपेटी पोचली ती 1962 मध्ये. म्हणजे या कुटुंबांना हलवलं तेव्हा कागदावर ती मतदार होती. सरकारने माफी मागितली ऑगस्ट 2010 मध्ये.

18 जानेवारी 2024 ला इकालुइतमध्ये आणखी एक करार झाला. सरकारी जमीन आणि खनिजांचा कारभार ओटावाकडून नुनावुतकडे यायचा आहे, मुदत 1 एप्रिल 2027. त्यातून टाकीचे पैसे घरातूनच निघतील का, ते पुढच्या भागात पाहू.