परग्रहवासीयांचा हल्ला आणि आपली मुले

परग्रहवासीयांच्या हल्ल्याचे चित्रपट मुलांना दाखवावेत का, असे वर्धेतील पालक मला विचारतात. प्रथम सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहावे. २०२४ पासून ‘युए’चे ७+, १३+ व १६+ असे तीन गट आहेत, त्याखालील वयाच्या मुलांचा निर्णय पालकांचा. १९९६ च्या ‘इंडिपेंडन्स डे’त शहरे बेचिराख होतात, रक्त फारसे दिसत नाही, मात्र परग्रहवासीयाच्या चिरफाडीचा प्रसंग दचकवतो. चौदा वर्षांच्या मुलाला हे काल्पनिक असल्याचे कळते, तरीही भित्र्या मुलाची झोप उडू शकते. प्रमाणपत्र वय सांगते. मुलाचा स्वभाव घरच्यांनाच ठाऊक. म्हणून चित्रपट दिवसा, सोबत बसून पाहावा आणि नंतर त्यावर बोलावे. रात्री दचकून उठणे आठवडाभर थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.