ओंजळभर पाणी आणि दहा वर्षांचा खटला

दरवर्षी मार्च महिन्यात परदेशस्थ आंबेडकरी कुटुंबे महाड क्रांतिदिनासाठी एकत्र येतात. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्राशन केले, हे परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या ओंजळीनंतर सुरू झालेला दीर्घ खटला आपण त्यांना क्वचितच सांगतो. क्रांतीचा तो उत्तरार्ध आहे आणि आज आपल्याला त्याचीच अधिक गरज आहे.

या संघर्षाचा आरंभ एका कागदापासून झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही तळे खुले करण्याचा ठराव केला. मात्र तीन वर्षे लोटली तरी त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या घागरीत आले नाही. शुद्ध पाणी ही आरोग्याची पहिली अट आहे. ती पूर्ण करणे हे नगरपालिकेचे कर्तव्यच होते. पण तिचा ठराव दप्तरातच पडून राहिला.

१९२७ च्या मार्चमध्ये लोकांनी तो ठराव अमलात आणला. त्याची किंमत त्यांना मार खाऊन मोजावी लागली. परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना, नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. जे बहुमताने मिळाले होते, ते बहुमतानेच काढून घेतले गेले.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तेव्हा काही सवर्ण मंडळी महाडच्या दिवाणी न्यायालयात गेली. तळ्यावर अस्पृश्यांचा हक्क नाही, असा त्यांचा दावा होता. बाबासाहेब आणि त्यांचे काही सहकारी प्रतिवादी झाले. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, हजारो सत्याग्रही तयारीत होते. तरीही बाबासाहेबांनी पाण्याला हात न लावण्याचा निर्णय सभेपुढे मांडला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पण हुकूम मोडला गेला नाही. जमलेल्या माणसांना हा निर्णय पचविणे सोपे गेले नसेल. परंतु त्यामागील विचार स्पष्ट होता. हुकूम मोडला असता, तर सवर्णांशी असलेला लढा सरकारशी लढा ठरला असता. कायदा आपल्या बाजूचा आहे, हे न्यायालयातच सिद्ध करावयाचे होते.

१९२८ च्या फेब्रुवारीत तो मनाई हुकूम उठला. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादी अपिलात गेले आणि तेथेही हरले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने शिक्कामोर्तब केले. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळणारी अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. ‘आमच्यात असेच चालत आले आहे’ हे वाक्य पुराव्याच्या कसोटीला उतरले नाही.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. दुकाने, रस्ते आणि सार्वजनिक स्थळांच्या शेजारी ते शब्द वाचताना महाड आठवल्यावाचून राहत नाही. जे एका नगरपालिकेने दिले आणि काढून घेतले, ते आता कोणत्याही नगरपालिकेच्या मर्जीवर राहिले नाही.

परदेशातही हा धडा जुना झालेला नाही. २०१३ साली ब्रिटिश संसदेने समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०१८ साली सरकारने तसे न करण्याचे जाहीर केले. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांनी नाकारले. एका ठिकाणी दार उघडते, दुसऱ्या ठिकाणी बंद होते. महाडकरांनी हे शंभर वर्षांपूर्वी अनुभवले होते.

म्हणून यंदा मुलांना २० मार्चबरोबर १७ मार्चही सांगूया. ठराव झाला म्हणून निर्धास्त होऊ नये आणि रद्द झाला म्हणून खचू नये. आपल्या शहराच्या परिषदेत बसावे, नियम वाचावेत, कागद जपून ठेवावेत आणि वेळ आल्यास साक्ष द्यावी. तळ्यावरचे पाऊल एका दिवसाचे होते. ते कायम राहावे म्हणून दहा वर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली.

जय भीम!