ताडी ताजी की शिळी? रंग, वास आणि चवीवरून असं ओळखा

पालघर जिल्ह्यात दांडी, बोईसर-तारापूरपासून डहाणूपर्यंत ताडाची झाडं दिसतात. ताडाच्या फुलोऱ्याला काप देऊन खाली मडकं बांधलं, की रात्रभर त्यात रस साठतो. हीच नीरा. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते आणि तिने नशा होत नाही.

मग तिची ताडी कशी होते? हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. ऊन चढेल तसा हा वेग वाढतो. म्हणून जाणकार तीन गोष्टी पाहतात:

रंग: नीरा बरीचशी नितळ असते. ती दुधट झाली की आंबणं सुरू झालं असं समजावं.

फेस: बारीक बुडबुडे वर येत असतील, तर आंबण्याची क्रिया चालू आहे.

वास आणि चव: सुरुवातीला गोडसर, काही तासांनी आंबट-गोड. व्हिनेगरसारखा उग्र वास म्हणजे ताडी शिळी. बॅक्टेरियांनी अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल केलेलं असतं.

पण भेसळीच्या बाबतीत जिभेवर विसंबू नका. क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन घातलेली ताडी महाराष्ट्रात अनेकदा पकडली गेली आहे. ते जास्त पोटात गेलं तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. खरी ताडी तासागणिक बदलते. उन्हापावसात बाहेर ठेवूनही दिवसभर तिची चव तशीच राहिली, तर शंका घ्या. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना नसलेल्या ठिकाणी ताडी घेऊच नका.