एमएल-८० : वाशीमचा हवेतला पत्ता

पातूर सोडून मेडशी-मालेगावमार्गे वाशीमकडे निघालेल्या ट्रकवाल्याला पुढची खबर रस्त्यावरच मिळते. समोरून येणाऱ्याने दोनदा डिपर दिला की पुढे पोलीस उभे आहेत, नाहीतर आरटीओचे पथक. वळणाआधी डांबरावर दगडांची रांग आणि बाभळीची फांदी दिसली की पलीकडे कुणाचीतरी गाडी बंद पडली आहे. उरलेल्या बातम्या ढाब्यावर चहासोबत कळतात आणि आता मोबाइलच्या ग्रुपवर. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांनी हाच कारभार पन्नासेक वर्षांपूर्वी रेडिओवर नेला. त्या रेडिओला सिटिझन्स बँड, थोडक्यात सीबी म्हणतात. तिकडच्या कितीतरी हॅम मंडळींची, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांची, पहिली इयत्ता हीच. आपल्याकडे ही इयत्ता कधी भरलीच नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यातले पोर हॅम रेडिओकडे वळते ते थेट वरच्या वर्गात, आणि हल्ली तर थेट लॅपटॉपसमोर. या उडीत काय हाती लागते आणि काय निसटते, ते पाहण्यासारखे आहे.

अमेरिकी सरकारने १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झजवळची, तोवर हॅमच्या ताब्यात असलेली ११ मीटरची पट्टी काढून घेतली आणि सामान्य नागरिकांना दिली. पुढची पंधरा वर्षे तिचे फारसे कुणाला कौतुक नव्हते. मग १९७३ चे तेलसंकट आले आणि पाठोपाठ महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा. कुठल्या पंपावर डिझेल शिल्लक आहे आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे एकमेकांना सांगण्यासाठी ट्रकवाल्यांनी सीबी सेट बसवले. १९ वा चॅनेल त्यांचा अड्डा झाला. १९७५ मध्ये ‘कॉन्व्हॉय’ नावाचे गाणे गाजले आणि ज्यांच्याकडे ट्रक नव्हता त्यांनीही सेट घेतले. गर्दी इतकी वाढली की १ जानेवारी १९७७ पासून २३ चॅनेलचे ४० करावे लागले. १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटच गेली.

सीबीवर खरे नाव कुणी सांगत नसे. प्रत्येकाचे एक टोपणनाव. त्याच्या आडून गप्पा, टवाळी, कधी शिवीगाळ. सेट घ्यायचा तो चार-पाच मैलांवरच्या माणसासाठी. पण सूर्यावरचे डाग वाढले की २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनोस्फिअरला आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात आणि शेजारच्या ट्रकऐवजी भलत्याच देशातला आवाज कानी पडतो. तो ऐकून ज्याची झोप उडाली, तो पुढे हॅमच्या परीक्षेला बसला. सीबीतून हॅमकडे जाणारी वाट बहुतेकांसाठी अशी सुरू झाली.

आपल्याकडे या वाटेवर सुरुवातीलाच फाटक होते. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्या जोडीने बिनतारी यंत्र बाळगणे हाच परवान्याचा विषय केला. नुसता ऐकायचा रेडिओ घरात असला तरी पोस्टात जाऊन लायसनचे पैसे भरावे लागत, हे साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. हॅमची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आहे. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्येच आपले केंद्र सुरू केले होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सगळे परवाने रद्द झाले, प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम निघाले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्याच्या प्रक्षेपकामागे नरिमन प्रिंटर या मुंबईच्या जुन्या हॅमचे हात होते. १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत तो चालला. त्याची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. भागाकार केला तर हे ७.०८१ मेगाहर्ट्झ येते. जगभरचे हॅम आज डिजिटल संदेशांसाठी ७.०७४ वर जमतात, म्हणजे उषाताईंच्या केंद्रापासून अवघ्या सात किलोहर्ट्झवर. सरकारला बिनतारी यंत्राचा संशय का वाटत राहिला, हे या एका प्रकरणावरून कळते; मात्र स्वातंत्र्यानंतरही तो संशय इतका का टिकला, हे कळत नाही.

सीबीची पट्टी आपल्याकडे विनापरवाना खुली झाली ती २००५ मध्ये. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ५ वॅट, आणि अँटेना सेटला अंगचीच असलेली. अमेरिकी ४० चॅनेलपैकी २७ वा या हद्दीत बसतो, २८ वा बाहेर पडतो. गच्चीवर तार ताणायची सोय नाही म्हटल्यावर त्या पट्टीत मुख्यतः रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्या धावल्या. शिवाय तोवर मोबाइल खेड्यात पोचू लागला होता. फाटक उघडले तेव्हा वाटेने जाणारे दुसऱ्याच रस्त्याला लागले होते.

मग आज सीबीची जागा कोण घेते? बहुतेक वेळा ऑनलाइन मागवलेला चिनी वॉकीटॉकी. लग्नाच्या मंडपात, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, यात्रेच्या बंदोबस्तात तो सर्रास दिसतो. यातले बरेच सेट हॅम, पोलीस आणि इतरांच्या वारंवारितांवर सरसकट बोलू शकतात, आणि विकत घेणाऱ्याला परवान्याचा पत्ता नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीबद्दल ई-कॉमर्स संकेतस्थळांना नोटिसा बजावल्या. ज्याला खरोखर विनापरवाना हौस करायची आहे त्याने ४४६ मेगाहर्ट्झचे छोटे, परवानामुक्त सेट घ्यावेत. किंवा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या खुल्या पट्टीत मेशटॅस्टिकची लोरा यंत्रे लावावीत. एकाने पाठवलेला मजकूर दुसरे यंत्र उचलते, ते तिसऱ्याला देते, आणि इंटरनेटशिवाय शिवारभर निरोप फिरतो. मला विचाराल तर आजच्या पोरांचा सीबी हाच.

हॅम व्हायचे तर परीक्षा आहे. वय किमान १२. एक भाग रेडिओच्या विज्ञानाचा, दुसरा नियमांचा. परीक्षा घेते केंद्र सरकारची डब्ल्यूपीसी शाखा. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही आणि ५० वॅटपर्यंत मुभा मिळते; या मंडळींची संकेतनामे सहसा व्हीयू-३ ने सुरू होतात. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स यावे लागते, शक्ती ४०० वॅटपर्यंत, नाव व्हीयू-२ ने. वीस वर्षांचा परवाना हजार रुपयांत, आजीव दोन हजारांत. खर्च पैशांचा कमी, वाट पाहण्याचा जास्त. कोणत्या श्रेणीला कुठल्या पट्टीत कोणता मोड चालतो, हे परवान्यासोबत नीट वाचून घ्यावे. उत्साहात पहिली चूक तिथेच होते. आणि सोयाबीनचे भाव, दुकानाची ऑर्डर, निवडणुकीचा प्रचार यांतले काहीही हॅमवर चालत नाही.

संकेतनाम मिळाले की सीबीचा बुरखा उतरतो. प्रत्येक संभाषणात ते सांगावेच लागते, आणि त्यावरून माणूस सापडतो. सीबीवरून आलेल्या अनेकांना परदेशात याचीच अडचण वाटते. मला तो हॅमचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. नाव लावून बोलणारा माणूस जरा जपून बोलतो.

यंत्राच्या किमतीने पूर्वी घोडे अडायचे. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांचे संकेतनाम व्हीयू-२-आरजी. त्यांच्या काळात हॅमच्या आयात यंत्रांवर जकात माफ झाली, तरी तालुक्याच्या गावातल्या मास्तरांना जपानी सेट परवडणारा नव्हताच. खरी सोय केली हैदराबादच्या अशहर फरहान यांनी. बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून कुणालाही जोडता येईल असा ‘बिटएक्स’ त्यांनी आखला आणि आराखडा खुला ठेवला. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या माणसाच्या हाताला तो जमतो. पुढे त्याचे मायक्रोबिटएक्ससारखे तयार बोर्ड निघाले आणि जगभर गेले.

अँटेना तर घरचीच. ७ मेगाहर्ट्झसाठी दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मधोमध केबल, टोकांना नायलॉनची दोरी. एक टोक कडुलिंबाला, दुसरे गच्चीवरच्या बांबूला. ज्याच्याकडे सीबीची जुनी दोन भुजांची अँटेना असेल त्याचे काम आणखी सोपे. २७.२ मेगाहर्ट्झला प्रत्येक भुजा २.६३ मीटरची असते. हॅमच्या १० मीटर पट्टीत, २८.४ वर यायचे तर ती २.५२ मीटर हवी. पक्कडीने दोन्हीकडून ११ सेंटीमीटर तार छाटली की झाले. छाटताना एकदम ११ छाटू नये. दोन-दोन सेंटीमीटर कमी करत अँटेनाचा मीटर पाहावा; जास्त कापलेली तार वाढत नाही.

खेड्यात हवा स्वच्छ असेल असे वाटते, पण रेडिओच्या कानाला ती तशी लागत नाही. सौर पंपाचे कंट्रोलर, स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर या सगळ्यांच्या आत जलद उघडझाप चालते आणि तिचा खरखराट शॉर्टवेव्हवर पसरतो. वीज गेली की तो ओसरतो. बॅटरीवर सेट चालवणारा हॅम हा भारनियमनाला दुवा देणारा विदर्भातला बहुधा एकमेव प्राणी असावा.

या खरखराटातच डिजिटल पद्धतींची किंमत कळते. जोसेफ टेलर हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ. जोडपल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. टेलर लहानपणापासून हॅम. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पल्सार ताऱ्यांचे ठोके ज्या चिकाटीने गोंगाटातून वेचले जातात, तीच विद्या त्यांनी हौशी रेडिओला लावली. स्टीव्ह फ्रँक यांच्यासोबत २०१७ मध्ये त्यांनी आणलेली एफटी-८ ही पद्धत आज सर्वाधिक वापरात आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर वरून खाली सरकणारा निळा पट्टा दिसतो. त्यावर पिवळट उभ्या रेघा म्हणजे एकेक केंद्र. घड्याळाचे १५ सेकंदांचे भाग पाडलेले. एका भागात १२.६४ सेकंद आपण पाठवायचे, पुढच्या भागात समोरच्याने. कानाला ऐकू येते ती आठ सुरांची किणकिण. माणसाच्या आवाजाला जिथे अडीच हजार हर्ट्झची रुंदी लागते, तिथे हिला ५० पुरतात, आणि त्या अडीच हजारांतल्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका सिग्नलही ती वाचते. लॅपटॉपचे घड्याळ दोन-तीन सेकंद चुकले तर मात्र सारे मुसळ केरात. नवख्यांचा पहिला आठवडा बहुधा यातच जातो.

संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर युरोप उघडतो. वाशीमहून साद घातली की तीन गोष्टी जातात: सीक्यू म्हणजे ‘कुणी आहे का’, आपले संकेतनाम आणि चार अक्षरांचा पत्ता, एमएल-८०. इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी १९८० मध्ये ठरलेल्या पद्धतीने पृथ्वीच्या चौकटी पाडल्या आहेत. एक चौकट दोन रेखांश रुंद, एक अक्षांश उंच. आपल्या भागात सुमारे २०८ किलोमीटर बाय ११० किलोमीटर. वाशीम, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा एमएल-८० मध्ये. अकोला, अमरावती, बुलडाणाही त्यातच. पण विसावा अक्षांश जिल्ह्यातूनच जातो आणि रिसोड जेमतेम त्याच्या खाली येते. त्यामुळे रिसोडचा पत्ता एमके-८९, हिंगोली, परभणी, नांदेडसोबत. वऱ्हाडातले रिसोड रेडिओवर मराठवाड्यात मोडते!

अशा रेघांशी वाशीमचे नाते जुने आहे. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास लिहिलेल्या ‘करणकुतूहल’मध्ये लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील स्थळे सांगितली आहेत, त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम, येते. शहरातले मध्यमेश्वराचे मंदिर याच रेषेवर असल्याचे सांगतात. आजच्या मोजणीत उज्जैन वाशीमच्या सव्वा अंशाहून अधिक पश्चिमेला भरते, पण जीपीएस नसताना एवढी चूक माफ.

आपत्तीतल्या कामगिरीबद्दल हॅमची वाहवा नेहमी होते. काही वेळा ती रास्तही असते. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद यांचे पथक निव्वळ हौसेच्या मोहिमेवर अंदमानात होते; २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच पथक बेटांचा मुख्य भूमीशी दुवा झाले. वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लबची माणसे गंगासागर मेळ्यात हरवलेल्यांना घरच्यांशी जोडून देतात. रामनवमीला पोहरादेवीला जमणाऱ्या गर्दीत हे काम करता येण्याजोगे आहे. पण संकटात उपयोगी पडते ती रोजची सवय. कपाटातला सेट ऐनवेळी बाहेर काढून भागत नाही. आणि ही सवय आवाजाची हवी. ‘दोन डॉक्टर पाठवा’ हे एफटी-८ वर सांगायला बसाल तर माणूस दगावेल.

इथेच माझी तक्रार सुरू होते. एफटी-८ ने साध्या तारेवर, वीस-तीस वॅटमध्ये, मोडक्या इंग्रजीची लाज न वाटता वाशीमच्या पोराला ब्राझीलपर्यंत नेले, हे मोठेच काम. पण त्या भेटीत संकेतनामे, चौकट, सिग्नलचा आकडा आणि शेवटी ७३ म्हणजे नमस्कार, एवढेच होते. दीड मिनिटात भेट संपते. बरेचसे संगणकच उरकतो. पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये रूढ केलेल्या पीएसके-३१ या डिजिटल पद्धतीवर निदान टाइप करून गप्पा मारता येत. तिची जागा आता ओस पडत चालली आहे. सीबीवाल्यांकडे नियम नव्हते, ओळख नव्हती, पण गप्पा भरपूर होत्या. म्हणून नव्या हॅमने सकाळी ७ मेगाहर्ट्झवर देशातली मंडळी बोलत असतात तिथे आधी महिनाभर ऐकावे, मग तोंड उघडावे, आणि एफटी-८ संध्याकाळसाठी ठेवावे.

एफटी-८ मध्ये मोकळा मजकूर पाठवायची सोय आहे, नाही असे नाही. त्याला रोमन लिपीतली १३ घरे मिळतात. ‘पाऊस कसा आहे’ लिहून पाहा: चार अक्षरे, एक मोकळे घर, चार अक्षरे, एक मोकळे घर, तीन अक्षरे. नेमकी १३ भरतात. प्रश्नचिन्हाला जागा उरत नाही.